आरशातला दिवा

एक जूनला मासेमारी बंद होते आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचा आवाज बदलतो. लिलावाची हाळी थांबते, बर्फाच्या गाड्या थांबतात, बोटी शाकारून ओळीने उभ्या राहतात. जुलै सरेपर्यंत बंदरात ऐकू येतो तो पाऊस, आणि ओटीवर जाळी विणत बसलेल्या माणसांच्या गप्पा. अशा दोन पावसाळ्यांत, बंदराकडे खिडकी असलेल्या माळ्यावरच्या खोलीत, मी एक लढाऊ विमान उभं केलं. ते घरच्या संगणकावर उडतं. त्याचं नाव सी हॉक. भारतीय नौदलाचं हे पहिलं जेट लढाऊ विमान, आणि विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरलेलं पहिलं जेटही हेच.

सिम्युलेटरसाठी विमान बनवायचं म्हणजे त्याचं चित्र काढायचं, अशी बहुतेकांची समजूत असते. चित्र हा त्यातला सोपा भाग. आरशात दिसणारा माणूस हुबेहूब असतो, पण त्याला भूक लागत नाही. विमान खरं व्हायचं तर त्याला वजन हवं, आळस हवा, खोडी हव्यात. कुठल्या वेगाला ते जड पडतं, इंजिन हाकेला किती उशिरा ओ देतं, पोटातलं इंधन संपत आलं की नाक कुठे वळतं, हे सगळं त्याला शिकवावं लागतं. या प्रकरणात ते शिकवणं कसं होतं ते पाहू.

आधी विमानाची ओळख. ब्रिटनच्या हॉकर कंपनीने ते आखलं. त्याचा पहिला नमुना २ सप्टेंबर १९४७ रोजी उडाला. (नवी विक्रांत कोचीला नौदलात दाखल झाली तो दिवस २ सप्टेंबर २०२२. मधे बरोबर पंचाहत्तर वर्षं. योगायोग खरा, पण मला तो फार आवडतो.) पुढे बहुतेक सी हॉक आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कंपनीने बांधली. पंखांचा विस्तार ११.९ मीटर, लांबी १२ मीटरच्या थोडी वर, म्हणजे आपल्या बंदरातल्या मध्यम बोटीएवढी. नाकाच्या खाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. पंख सरळ, मागे न झुकलेले, आणि जहाजाच्या पोटात जागा कमी म्हणून वर दुमडणारे. आत रोल्स रॉइसचं नीन इंजिन. याच इंजिनाचे काही नग ब्रिटनने सोव्हिएत संघाला विकले, तिथे त्याची नक्कल झाली आणि त्यावर मिग-१५ उडालं. एकाच इंजिनाची ही दोन भावंडं. मिगने पंख मागे झुकवले आणि ते वेगात पुढे गेलं. सी हॉकने सरळ पंख ठेवले. जहाजावर उतरायला हळू उडता आलं पाहिजे, आणि हळू उडण्यात सरळ पंख भरवशाचा.

भारतीय नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या तुकडीला, ‘व्हाइट टायगर्स’ना, १९६० साली ही विमानं ब्रिटनमध्येच मिळाली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला विक्रांत नौदलात आली आणि १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी तिच्या डेकवर सी हॉक उतरवलं. पुढे हेच ताहिलियानी नौदलप्रमुख झाले. १९६४ पासून नौदलाच्या विमानांचा मोठा तळ गोव्यात दाभोळीला आला. दाभोळीहून रत्नागिरी सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटर. एसटीने पोचायला अख्खा दिवस जातो. सी हॉकला वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, पूर्णगड ओलांडून मिरकरवाड्यावर यायला वीस मिनिटं पुरतात. हे अंतर मनात आलं आणि माझं विमान ठरलं.

मी फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर निवडला. १९९६ साली काही हौशी लोकांनी मांडलेल्या कल्पनेतून तो वाढला. तो फुकट आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या पोटातलं सगळं उघडं आहे, कुणीही वाचावं, बदलावं. त्यात एक सी हॉक आधीच होतं. ते मी ओळ न् ओळ वाचून काढलं, जसा नवा सुतार जुनी होडी उलटी करून फळीफळीचा सांधा बघतो. विकत मिळणाऱ्या सिम्युलेटरांत या कलेची टोकं गाठलेली दिसतात. २०१९ मध्ये डीसीएस वर्ल्डसाठी आलेलं अमेरिकी नौदलाचं टॉमकॅट बघावं. त्याचा रडार कसा चुकतो तेसुद्धा त्यात घातलंय. ते काम पूर्ण वेळ राबणाऱ्या चमूचं. पण पद्धत तीच, आणि ती एकट्या माणसालाही जमते.

सांगाडा ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये केला. जुन्या आराखड्याची तीन चित्रं घ्यायची, वरून, बाजूने, समोरून, ती एकमेकांना काटकोनात उभी करायची आणि त्यांच्या मधल्या पोकळीत विमान घडवत जायचं. इथे सी हॉकची एक खासियत हाताला लागते. जेट विमानाचा धूर शेपटीतून निघतो असं आपण धरून चालतो. सी हॉकच्या शेपटीला भोकच नाही. इंजिनाचा झोत आत दुभंगतो आणि पंखांच्या मुळाशी, मागच्या कडेजवळ, डावी-उजवीकडे बाहेर पडतो. त्यामुळे नळी आखूड राहिली, जोर कमी वाया गेला, आणि शेपटीकडची जागा इंधनाच्या टाकीला मोकळी मिळाली. पुढची टाकी आणि मागची टाकी, मधे इंजिन, म्हणजे होडीत नाळेला आणि वरामाला सारखं ओझं भरावं तसा तोल. ही एक कल्पना कळली की विमानाचा अर्धा स्वभाव कळतो.

गोव्यात बोगमाळ्याजवळ नौदलाचं विमानवाहतूक संग्रहालय आहे, १९९८ साली उघडलेलं. तिथे सी हॉक उघड्यावर उभं आहे. मी त्याच्याभोवती वही घेऊन फिरलो. आराखड्यात न दिसणाऱ्या गोष्टी तिथे दिसतात. पंखाच्या दुमडीची बिजागरी किती जाड आहे, चाकाच्या दांडीचा तेलकट भाग किती लांब आहे, शेपटीखालचा आकडा कसा बसवलाय. चाकाची ती दांडी पाहिली तेव्हा डेकवर आदळणं म्हणजे काय ते मला पहिल्यांदा समजलं. विमानतळावर विमान टेकतं. जहाजावर ते पडतं.

आता खरं काम. उडण्याचं गणित.

सिम्युलेटरात विमान म्हणजे आकड्यांची एक वही असते. फ्लाइटगिअर ही वही सेकंदाला १२० वेळा वाचतो. दर वेळी तो विचारतो: वेग किती, नाक हवेला किती कोन करून आहे, वजन किती उरलं, इंजिन किती ढकलतंय? त्यावरून उचल किती, रोध किती हे काढतो आणि पुढच्या एकशेविसाव्या भागात विमान कुठे असेल ते ठरवतो. आपल्याला दिसतं ते सलग उडणं. आत चाललेली असते बेरीज-वजाबाकी.

वही भरायच्या दोन तऱ्हा. वाऱ्याच्या बोगद्यात विमानाची प्रतिकृती ठेवून मोजलेले तक्ते हाती असतील तर ते सरळ भरता येतात. सी हॉकचे तसे पुरे तक्ते माझ्याकडे नव्हते. म्हणून मी यासिम ही दुसरी तऱ्हा घेतली. तिची युक्ती मला फार सुंदर वाटते. तिला विमानाचं माप सांगायचं, पंख कुठे, केवढा, शेपूट कुठे, टाक्या कुठे, इंजिन कुठे आणि त्याचा जोर किती. मग दोनच प्रसंग सांगायचे: उतरताना ते या वेगाला, नाक इतकं वर करून, स्थिर उडतं, आणि इतक्या उंचीवर, इतक्या जोराला, सरळ उडताना त्याचा वेग हा असतो. या दोन टोकांवरून यासिम मधलं सगळं विमान शोधून काढते. उचल आणि रोध यांचे आकडे ती पुढेमागे सरकवत राहते, दोन्ही प्रसंग जुळेपर्यंत.

म्हणजे ते दोन प्रसंग खोटे असतील तर विमान खोटं. तेव्हा मी ते कागदावर पडताळले. सी हॉकच्या पंखाचं क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस मीटर. मोहिमेवरून परतताना, इंधन बरंचसं जळून गेल्यावर, वजन साडेपाच टन धरू. पंखाच्या मागच्या झडपा खाली सोडल्या की पंखाची उचलण्याची ताकद वाढते. ती धरून हिशेब केला तर ताशी १५५ ते १६० किलोमीटरच्या खाली विमान हवेत राहत नाही, ढासळतं. वैमानिक त्याच्या वर पाव हिस्सा राखून उतरतो. म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. या हिशेबात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उचल वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून वजन दहा टक्के वाढलं तर उतरण्याचा वेग दहा नव्हे, पाचच टक्के वाढतो. पण डेकवर थांबवायची ऊर्जा मात्र वीस टक्क्यांहून जास्त वाढते, कारण तिच्यात वजनही येतं आणि वेगाचा वर्गही. जहाजावर उतरण्याआधी उरलेलं इंधन आणि न वापरलेली हत्यारं यांचा इतक्या कसोशीने हिशेब का ठेवतात, ते इथे आहे.

इंजिनाने मला सगळ्यात जास्त दमवलं. नीनचा जोर २,३०० किलोच्या थोडा वर, आणि भरलेल्या विमानाचं वजन सव्वासात टन. जोर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नाही. त्यात त्या काळची जेट इंजिनं आळशी. आतलं जड चक्र फिरायला लागलं की जोर येतो, आणि त्याला वेळ लागतो. दांडा पुढे ढकलला आणि विमान उसळलं, असं होत नाही. दांडा ढकलायचा, आकडे मनात मोजायचे, मग पाठीत धक्का. यासिमच्या वहीत या उशिरासाठी एकच आकडा असतो, सेकंदांत. मी तो सुरुवातीला दोन ठेवला. विमान उडायला मजेचं झालं, पण डेकवर उतरायला फार सोपं झालं, आणि तेच मला खटकलं. आकडा वाढवत नेला तसतसा मी समुद्रात पडू लागलो. पडता पडता एक दिवस उलगडलं की उतरताना वैमानिक वेग-रोधक उघडे का ठेवतात. रोध मुद्दाम वाढवायचा, म्हणजे तेवढाच वेग राखायला इंजिन जास्त फिरतं ठेवावं लागतं. फिरत्या चक्राला आणखी फिरवायला वेळ कमी लागतो. एका हाताने ब्रेक आणि दुसऱ्या हाताने रेस, अशी ती कसरत. हे मी आधी वाचलेलं होतं. पण आकडा बरोबर बसल्यावर विमानाने ते मला करायला लावलं. वहीतला आकडा खरा आहे की नाही, हे ओळखायची माझी कसोटी तेव्हापासून हीच: त्या काळच्या वैमानिकांनी जे केलं ते करण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही, की आकडा जमला.

जोराचा दांडा म्हणून मी मोडीत निघालेल्या एका बोटीचा थ्रॉटलचा दांडा बसवला. बाजारातली जॉयस्टिक खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे टिकत नाही. आत घासत फिरणारी पट्टी गंजते आणि विमान आपोआप डावीकडे कलू लागतं. घासण्याऐवजी चुंबकाचं बळ मोजणारा सेन्सर लावला की हा त्रास जातो. समुद्राकाठी हे करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून तोच लावावा.

विमान झालं. पण उतरणार कुठे?

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत ती तरंगतं संग्रहालय होती. २०१२ मध्ये ते बंद झालं आणि २०१४ मध्ये ती भंगारात गेली, दारूखान्यात तिचे तुकडे झाले. तिचं थोडं पोलाद बजाजच्या व्ही या मोटारसायकलीच्या टाकीत वितळून आलं. तसली एक मोटारसायकल आमच्या बंदरात मासे उतरवायच्या धक्क्याजवळ लागलेली असते. तिच्या टाकीवर मी एकदा हात ठेवला होता. ऊन खाऊन ती तापली होती. गोव्याचं सी हॉक आता उडणार नाही, विक्रांत तर उरलीच नाही. या दोघांची भेट होऊ शकेल अशी जागा आता एकच, हिशेबात. म्हणून जहाजही बांधायचं ठरवलं.

विक्रांतची लांबी २१३ मीटर. हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही. मी लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्यावर गेलो आणि पावलांनी मोजला. माझी तीनशे पावलं. तिथे उभं राहून मागे बघितलं तर अंतर बरं वाटतं. पण विमानाला त्यातला मागचा, तिरपा आखलेला पट्टाच मिळतो. तिरपा का? सरळ डेकवर, उतरणाऱ्या विमानाला अडवणारी तार चुकली तर पुढे उभी असलेली विमानं. तिरप्या पट्ट्यावर तार चुकली तर पुढे मोकळा समुद्र, जोर लावायचा आणि पुन्हा उडायचं. तिरपा डेक, विमान पुढे फेकणारा वाफेवरचा कॅटापल्ट आणि उतार दाखवणारा आरसा, या तिन्ही ब्रिटिश युक्त्या एकाच काळातल्या, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या. जेट विमानं जड आणि वेगवान झाली होती, जहाजं मात्र तेवढीच होती. त्या तंगीतून हे तिन्ही निघालं. तिन्ही विक्रांतवर होतं.

आरशाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. डेकच्या कडेला एक मोठा अंतर्वक्र आरसा. त्याच्या दोन्ही अंगांना आडव्या ओळीत हिरवे दिवे. जहाजाच्या मागच्या बाजूचा एक प्रखर झोत आरशावर पडतो आणि येणाऱ्या वैमानिकाला आरशात प्रकाशाचा गोळा दिसतो. गोळा हिरव्या ओळीत असेल तर विमान योग्य उतारावर आहे. वर सरकला तर आपण उंच, खाली सरकला तर आपण खाली. जहाज लाटेवर डोलतं, पण आरसा जायरोच्या आधाराने स्थिर धरलेला असतो, त्यामुळे उतार हलत नाही. वैमानिकाने डेककडे बघायचंच नाही.

मी हे आरशाचं गणित बसवत होतो तेव्हा शेजारचे तांडेल घरी आले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. मासेमारी बंद, हाताला काम नाही, पडद्यावर जहाज दिसलं म्हणून बसले. मी उतरायचा प्रयत्न करत होतो आणि दर वेळी शेवटच्या क्षणी नाक खाली जात होतं. चाचांनी तीनदा बघितलं. मग म्हणाले, “तू जहाजाकडे बघतोस.”

“उतरायचंय तिथेच ना, चाचा.”

“आम्ही बंदराच्या तोंडात शिरताना पाण्याकडे बघतो काय? लाट बघशील तर हात लाटेबरोबर जाणार. दोन खुणा एकात एक धरायच्या आणि सोडायच्या नाहीत. बोट आपोआप येते.”

मी त्यांना हिरवी ओळ आणि गोळा दाखवला. त्यांनी मान हलवली. यात त्यांना नवीन काही नव्हतं. किनाऱ्यावरची एक खूण आणि तिच्या मागची दुसरी, दोन्ही एका रेषेत आल्या की बोट वाटेवर, हे ते वयाच्या बाराव्या वर्षापासून करत आलेत. फरक एवढाच की त्यांची रेषा डावी-उजवी सांगते आणि आरशाची वर-खाली. पुढच्या खेपेला मी डेक बघितलाच नाही. गोळा धरून ठेवला. शेपटीचा आकडा तारेत अडकला.

तार म्हटल्यावर बंदरातल्या माणसाला ट्रॉलरचं विंच आठवावं. डेकवर आडवी ताणलेली पोलादी तार विमान पकडते तेव्हा ती ताठ राहिली तर विमान तरी फाटेल, नाहीतर तार तुटेल. म्हणून ती सैल सुटत जाते. खाली तेलाच्या दाबाचा ब्रेक तिला अडवत सोडतो, जाळं टाकताना विंचवरची वायर ब्रेक लावून सोडतात तशी. समजा विमानाचा वेग ताशी २०० किलोमीटर आणि जहाज वाऱ्याच्या तोंडावर पुढे चाललंय, तर डेकच्या मानाने वेग १६० च्या आसपास उरतो. तो ६० मीटरमध्ये शून्य करायचा तर वैमानिकाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त ओढ पडते. दोन-तीन सेकंदांत सगळं संपतं.

जहाजाच्या वेगाचं मोल मला १९७१ च्या डिसेंबरमधल्या युद्धातून कळलं. त्या युद्धाआधी विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते. ती पूर्ण वेगाने पळू शकत नव्हती. तरीही तिला बंगालच्या उपसागरात नेलं आणि ४ डिसेंबरला तिच्यावरून सी हॉक उडाली ती कॉक्सबझारवर. तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना पुढे महावीर चक्र मिळालं. चितगाव आणि आसपासच्या बंदरांवर फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, आणि युद्धात एकही सी हॉक गमावलं नाही. हे वाचायला दोन ओळी लागतात. मी सिम्युलेटरात आधी वारा काढून टाकला, मग जहाजाचा वेग २४ नॉटवरून १६ वर आणला. समोरून येणाऱ्या हवेतले ताशी १५ किलोमीटर गेले. तेवढ्याने भरलेलं विमान कॅटापल्टवरून सुटल्यावर डेकच्या खाली बुडायला लागलं, पाण्याजवळ जाऊन कसंबसं वर यायला लागलं. उतरताना तार जास्त ताणायला लागली. माझ्या खुर्चीखाली लादी होती. त्यांच्या खाली डिसेंबरचा समुद्र होता, वर विमानविरोधी तोफा होत्या, आणि ते दिवसातून पुन्हा पुन्हा जात होते.

शेवटी राहिला आमचा किनारा. फ्लाइटगिअरमधलं कोकण वरून बरं दिसतं. जमिनीची उंची २००० साली अंतराळयानातून मोजलेल्या आकड्यांवरून येते. पण त्या आकड्यांच्या जाळीत रत्नदुर्गाचा कडा म्हणजे मऊ उतार होतो, आणि बंदराचा बंधारा तर नाहीच. मी कडा तासला. किल्ल्यावरचं दीपगृह ठेवलं, भगवतीचं देऊळ ठेवलं, बंधारा टाकला, एका बाजूला पांढरा समुद्र, दुसऱ्या बाजूला काळा.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, बाहेर बोटींवरची झापं निघायला लागली होती तेव्हा, मी संध्याकाळची वेळ लावून दाभोळीहून निघालो. विजयदुर्ग उजव्या पंखाखालून गेला. पूर्णगडानंतर उंची कमी केली. विक्रांत मी रत्नदुर्गाच्या पश्चिमेला वीस किलोमीटरवर, वाऱ्याकडे तोंड करून ठेवली होती. चाचा मागे स्टुलावर बसले होते. वळसा घेतला, चाकं सोडली, आकडा सोडला, वेग-रोधक उघडले, इंजिनाचा आवाज चढा धरला. हिरवी ओळ दिसली. गोळा थोडा खाली होता. दांडा बोटभर पुढे ढकलला आणि मनात मोजायला लागलो. गोळा वर सरकला, ओळीत आला.

“आता सोडू नको,” चाचा म्हणाले.